तापलेला हात

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक ट्रक येऊन थांबला आणि पुन्हा सुरू होईना. ड्रायव्हरने चहापुरते इंजिन बंद केले होते. परत येऊन त्याने किल्ली फिरवली, तर खालून 'टक्' असा एकच आवाज आला आणि पुढे काहीच घडले नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्.

एरवी असा ट्रक दिवसभर उभा राहिला तरी फारसे बिघडत नाही. या ट्रकवर मात्र पाण्याच्या चार टाक्या होत्या आणि त्यांत हजारो बोटुकल्या होत्या, म्हणजे बोटाएवढी जिवंत माशांची पिल्ले. त्यांना श्वास घेता यावा म्हणून पाण्यात नळ्या सोडल्या होत्या आणि हवेचा एक लहानसा पंप ट्रकच्याच बॅटरीवर घरघरत होता. बरोबर मथुराबाई होत्या. घाटापलीकडच्या त्यांच्या गावातील बायकांनी गट करून प्रथमच तळे चालवायला घेतले होते. 'बायकांना हे जमायचे नाही' असे म्हणणारे गावात पुष्कळ होते, आणि आज ते सगळे बांधावर येऊन बसले असतील, हे मथुराबाईंना पक्के ठाऊक होते.

रस्त्यापलीकडेच इस्माईलचाचांचे गॅरेज होते. सत्तरी ओलांडलेले हे मिस्त्री त्या वेळी दुपारच्या नमाजाला गेले होते. त्यांचा शिष्य दिगंबर एकटाच होता. दोन वर्षे तो चाचांच्या हाताखाली शिकत होता आणि हात चालवण्यात मोठा तरबेज होता.

"मार सेल, फिरव किल्ली," तो ट्रकखाली शिरत ड्रायव्हरला म्हणाला.

टक्.

"पुन्हा मार."

टक्.

त्याने इंजिनाला पहिला झटका देणारा स्टार्टर हातोडीने ठोकून पाहिला. फरक पडला नाही. वरून मथुराबाईंचा आवाज आला, "अरे दादा, जरा लवकर कर! पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागलीत!"

दिगंबर घाबरला. त्याला एकदम आठवले, की आपण जिच्यावर सेल मारायला लावतो ती बॅटरी आणि पिल्लांना हवा देणारी बॅटरी एकच आहे. मग काही न करता बसावे, तर ऊन पाणी तापवते आहे. घामाने त्याचे डोळे चुरचुरू लागले. स्टार्टरच गेला असणार, असे त्याने ठरवून टाकले आणि तो खोलण्यासाठी पाना लावला. पाना दोनदा निसटला. तिसऱ्या वेळी बोटांची सालटी निघाली.

"किती वेळा सेल मारला?"

चाचा ट्रकपाशी येऊन उभे होते.

"मोजलं नाही, चाचा."

"पाना ठेव. गॅरेजच्या हौदावर जा, साबण लावून हात धू आणि कोपरापर्यंत पाण्यात बुडवून उभा राहा. शंभर आकडे सावकाश मोज आणि मग ये."

दिगंबर पाना ठेवून ट्रकखालून बाहेर आला. मथुराबाई तर संतापून खाली उतरल्या. "अहो चाचा, माझी पिल्लं मरायला लागलीत आणि तुम्ही याला हात धुवायला पाठवता?"

"होय बाई," चाचा म्हणाले. "तेवढं थांबा."

हौदातले पाणी गार होते. दिगंबर मोठ्याने मोजू लागला. वीसपर्यंत त्याला स्वतःच्या आकड्यांपेक्षा टाकीतली धडपडच जास्त ऐकू येत होती. चाळीसला मथुराबाईंनी पुन्हा वर चढून ओंजळीत दोन-तीन मेलेली पिल्ले उचलून पाहिली, हे त्याला दिसले आणि तो धावतच सुटणार होता. पण चाचांनी मान वळवून नुसते त्याच्याकडे पाहिले. तो मोजत राहिला. ऐंशीच्या सुमारास त्याच्या हातांची धग उतरली.

तो परत आल्यावर चाचांनी ड्रायव्हरला किल्ली फिरवून क्षणभर धरून ठेवायला सांगितले. टक्. चाचा मात्र टाक्यांच्या दिशेने कान देऊन उभे होते.

"पंपाची घरघर जराही मंदावली नाही," ते म्हणाले. "म्हणजे बॅटरीत जोर आहे. तो वाटेत अडतोय. आता हात कोरडे कर आणि बॅटरीपासून निघून एकेका जोडावर बोट ठेव. बोलू नकोस."

दिगंबरने बॅटरीचे दोन्ही जोड चाचपले. स्टार्टरची जाड तार चाचपली. मग इंजिन आणि चेसी, म्हणजे ट्रकचा सांगाडा, यांना जोडणाऱ्या विणलेल्या तारेच्या पट्टीपाशी त्याचे बोट थांबले. तिथे चटका बसत नव्हता, पण इतर जोडांपेक्षा निराळी, ताजी ऊब होती. मघाशी याच पट्टीवर हाताचा भार टाकून तो स्टार्टरपर्यंत सरकला होता, तेव्हा त्याला काहीच जाणवले नव्हते.

"इथे, चाचा."

बोल्ट काढला, तर खाली हिरवट-पांढरा गंज चढलेला. दिगंबरने काचकागदाने पट्टी घासून लखलखीत केली, बोल्ट आवळला. ड्रायव्हरने किल्ली फिरवली आणि ट्रक पहिल्याच झटक्यात सुरू झाला. मथुराबाईंनी चाचांना हात जोडले आणि ड्रायव्हरला बजावले, "आता तळं येईपर्यंत बंद केलीस तर बघ!"

ट्रक वळणाआड गेला, तेव्हा दिगंबर म्हणाला, "चाचा, मी तर चांगला स्टार्टर खोलत होतो."

चाचा खाटेवर बसले. "टक् वाजलं, म्हणजे किल्लीची हाक स्टार्टरने ऐकली होती. त्याला उठायला बळ पोहोचत नव्हतं. ते जिथे अडतं, तिथे जोड तापतो. पण आधीच तापलेल्या हाताला दुसऱ्याची ऊब कशी कळणार? माझी बोटं तर या धंद्यात जाड होऊन गेलीत. हात तुझाच लागणार होता, म्हणून आधी तो गार केला."

दिगंबरने पाना उचलून जागेवर ठेवला. मग त्याने मनातले विचारून टाकले. "आणि मी शंभर मोजेपर्यंत सगळी पिल्लं मेली असती तर?"

"तर दोष माझा होता," चाचा म्हणाले. "तुला काय वाटलं, मी निवांत होतो? तुझ्याबरोबर मीही मोजत होतो. तुझे साठ झाले, तेव्हा माझे शंभर होऊन गेले होते."

संध्याकाळी मथुराबाईंचा फोन आला. दीडशे-दोनशे पिल्ले दगावली होती. बाकी सारी तळ्यात गेली होती. दिगंबरने दोन्ही गोष्टी नीट ऐकून घेतल्या.

कठीण घडीला भीती आपल्यालाही वाटणारच. तिच्या हाती पाना मात्र देऊ नये.