धुक्यात गाणारे शेत

ही कथा मी १४ नोव्हेंबर २०२२ रोजी दुपारी, माळेवाडीच्या खळ्यावर, यमुनाबाई मुठे यांच्याकडून ऐकली. त्या भात पाखडत होत्या. त्यांनी ती आपल्या सासूकडून ऐकली होती.

फार वर्षांपूर्वी, या डोंगरावर गाडीवाटही नव्हती तेव्हा, वाडीत ठमाबाय नावाची बाई राहत असे. तिला ओव्या आपोआप सुचत, पण हात मातीत असले तरच. आवणीला ती भाताचे पहिले रोप लावी आणि गाऊ लागे. वरच्या खाचरातल्या बाया ती ओवी झेलत, खालच्या पुढे नेत. तिच्या गाण्याने पिवळी रोपे हिरवी होत, असे म्हणतात. एकदा इनामदाराने निरोप धाडला, "वाड्यावर येऊन गा, लुगडं देऊ." तिने उलट कळवले, "लुगडं ऱ्हाऊ द्या. तुमीच चिखलात उतरा, मंग गाते."

एका श्रावणात पाय मोडल्याने ती घरात पडून होती. तेव्हाच तिची नवी सून चिमी इतर बायांबरोबर मीठ आणायला घाटाखाली गेली. परतताना दाट धुके उतरले. वाट कड्याच्या कडेने होती. पाऊल चुकले की दरी. वाडीने हाका मारल्या, पण त्या कड्यावर आपटून चहूकडून ऐकू येत, आणि बाया अधिकच भांबावत.

ठमाबायचा नवरा तिला म्हणाला, "आता तरी गा की गं!"

"येत न्हाई. माती आणा."

"पोर दरीच्या तोंडाशी, अन् हिला माती पायजे!" असे बडबडतच तो धावला आणि शेतातली ओली माती पाटीत भरून घेऊन आला. ठमाबायने कोपरापर्यंत हात घातले आणि ती गाऊ लागली. त्या गाण्याचा प्रतिध्वनी उठलाच नाही, असे म्हणतात. ते सरळ रेघेत गेले आणि त्या रेघेवरचे धुके दुभंगले. बाया एकमेकींचे पदर धरून आल्या. चिमी सर्वांत शेवटी आली. ठमाबायने मातीने भरलेले हात तिच्या गालांवरून फिरवले. काही बोलायला गेली, तर आवाज उमटला नाही. तो पुन्हा कधीच आला नाही.

तिचे शेत आज सारी वाडी मिळून राखते. तेथे तिच्या काळचे तांबडे भात लावतात. बी विकत नाहीत, मागेल त्याला ओंजळभर देतात. धुके उतरले की शेतात जो असेल त्याने वाकून मातीत हात घालायचे आणि शेवटचे माणूस घरी पोचेपर्यंत गात राहायचे. गळा कसाही असो.

इनामदाराचा निरोप मला आणखी दोघांनी सांगितला. मोडलेल्या पायाबद्दलही दुमत आढळले नाही. त्या दिवशीची ओवी कोणती, याची मात्र मला कधीच खात्री करता आली नाही. यमुनाबाईंच्या सासूने सांगितले ते एवढेच, की परतलेली प्रत्येक बाई मरेपर्यंत म्हणत राहिली: त्या ओवीत माझं नाव होतं.