उद्घाटन साहेबांच्या हस्ते

कोल्हापूरच्या एका पंप कारखान्यात सगळ्या संगणकांवर क्लाउडमधून नवं सुरक्षा सॉफ्टवेअर बसवायचं होतं. एकही सुटला, तर व्हायरसला दार उघडंच. पण मालक इनामदारसाहेब गरजले, "माझ्या संगणकावर दुसऱ्याचा हुकूम चालणार नाही!"

संगणक विभागाची ऋजुता मनात चरफडली, पण वाद न घालता तिने नारळ मागवला. "साहेब, हे बटण दाबलं की कारखान्यातल्या प्रत्येक संगणकावर सॉफ्टवेअर बसेल. उद्घाटन तुमच्याच हस्ते हवं."

साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. टाळ्या झाल्या. केबिनमध्ये येतात तो त्यांच्याही संगणकावर सॉफ्टवेअर हजर!

"हे कोणाच्या हुकमाने?"

"तुमच्याच, साहेब," ऋजुता अदबीने म्हणाली. "तुमचा हुकूम मोडायची इथे संगणकाचीसुद्धा छाती नाही."