धाकूचा घास

फार वर्षांपूर्वीची, आपल्या खाडीकाठच्या बागांना पंप ठाऊक नव्हते तेव्हाची ही गोष्ट. एका पोफळीच्या बागेत धाकू रहाट हाकायचा. बैल गोल फिरायचा, रहाटाची मडकी पाणी उपसायची आणि बैलामागे चालता चालता धाकू लाकूड तासायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तरी त्याने रहाटाला दोरी जोडली की लाकडाची खार शेपटी हलवायची, घोरपड मान वळवायची. त्या घोरपडीवर गावची कुत्री भुंकायची, असं म्हणतात.

एके वर्षी बागेत माकडं फार माजली. धाकूने पंख फडफडवणारा लाकडी गरुड केला आणि उंच बांबूवर बसवला. माकडं कसली भितात! त्याच्याच पाठीवर बसून एकमेकांच्या उवा वेचू लागली. भ्याला तो धनेश पक्षी. विहिरीजवळच्या बेहड्याच्या ढोलीत त्याची मादी अंड्यांवर बसली होती. धनेशाची मादी ढोलीचं दार लिंपून स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून भरवेल तेवढंच खाते. गरुड पाहून नर उडाला, तो परतलाच नाही.

दोन दिवस फटीतून रिकामी चोच बाहेर येत राहिली. धाकूला अन्न गोड लागेना. झाडावर चढून त्याने उंबर पुढे केलं, तर तिने त्याचा हातच फोडला. बायको येसू म्हणाली, पाखराचं नशीब, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?

धाकू म्हणाला, "तिचो घोव माझ्यामुळे पळालो. आता तिका भरवतलो तो मीच."

गरुड मोडून त्याच लाकडाचा त्याने धनेश केला, बांबू ढोलीशेजारी रोवून त्यावर बसवला आणि दोरीने रहाटाला जोडला. रहाट फिरला तसा तो चोचीत उंबर धरून फटीपाशी गेला, तरी मादीने घेतलं नाही. धाकू आठवत बसला. नर घास देण्याआधी मान एकदा मागे झटकायचा. धाकूने चाकाला एक दात वाढवला. रहाट फिरला, लाकडी मान झटकली आणि मादीने उंबर घेतलं.

मग पिल्लं बाहेर येईपर्यंत रहाट थांबला नाही. बैल दमला की धाकू स्वतः जुवाला खांदा द्यायचा. शेवटी मादी दार फोडून बाहेर आली. तिने एक उंबर आणून लाकडी चोचीत ठेवलं. तेव्हा रहाट उभा होता, तरी ती मान झटकली, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी बांबूवर नुसती दोरी लोंबत होती. लाकडी धनेश कुणी चोरला म्हणतात, म्हणोत बापडे.

आता रहाट गेला, बेहडाही पडला. पण आपल्या गावात बाळंतिणीला पहिला घास अजून नवराच भरवतो, आधी मान जराशी मागे झटकून. सगळे हसतात. त्याला धाकूचा घास म्हणतात. नवरा परगावी असला तर सुईण दारात येऊन विचारते, "भरवतलो कोण?"

अंगणात जो असेल तो पुढे होतो आणि म्हणतो, "मीच."