धुण्याच्या दगडांचा हौद

नदीत उतरले तरी बाईमाणसाने घोट्याच्या वर पाणी लागू द्यायचे नाही, आणि का ते विचारायचे नाही. कुरणखेड्यात एके काळी असा नियम होता. त्याच कुरणखेड्यात आज पाटाच्या कडेला छातीभर पाण्याचा चौकोनी हौद आहे. पाठीला वाळका भोपळा बांधून गावातली प्रत्येक मुलगी त्यात पोहायला शिकते. बाजूच्या चौथऱ्यावर म्हाताऱ्या सागरगोटे खेळतात आणि तान्ही मुले रांगतात. पाहुण्यांना सगळे सांगतात की उतरताना जपून, कारण एकही पायरी सपाट नाही. कुठली मधोमध खोल झिजलेली, कुठली एका अंगाने, कुठली तर गोट्यासारखी गुळगुळीत. पायऱ्या अशा का, याची हकिकत गावात सांगतात ती अशी.

नदीच्या वळणावर आसरांचा डोह आहे. पाण्यातल्या त्या सात देवता दरसाल आपला वाटा नेतात, असे गावातले थोर लोक मानत. मुलगे सातव्या वर्षी पोहायला शिकत. बायका काठावर धुणी धूत. एका बाजारच्या दिवशी सगळे पुरुष बाजाराला गेले होते आणि बारा जणी धुण्याला बसल्या होत्या. त्यांत सगुणा होती आणि तिची धाकटी बहीण ठकी होती. ठकीच्या हातून लुगडे सुटले, ते धरायला ती दोन पावले पुढे गेली आणि पायाखालचा खडक संपला. अकरा जणींच्या हातांत ओली लुगडी होती. त्यांनी एकाला एक गाठी मारल्या. तिसरी गाठ बसेपर्यंत ठकी वर यायची थांबली होती, म्हणे.

संध्याकाळी रावजी पाटील आले, गुरव आले. आसरांनी आपला वाटा नेला, घरच्यांनी डोहाची ओटी भरावी, असे ठरले. ठरवायला त्यांना विडा रंगण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

त्या दिवसापासून सगुणा एका जागी बसेना. भाकरी थापता थापता उठून दारात जाई, दारातून पाटापर्यंत, तिथून परत. आई म्हणे, अगं, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? पंधरा दिवस अशी फिरल्यावर ती थेट पारावर गेली. तिने मागितले ते एवढेच : पाटाजवळ एक हौद खणावा, मुलींना त्यात पोहायला शिकवावे, आणि शेजारी एक चौथरा बांधावा, म्हणजे बायकापोरांना घडीभर बसता-खेळता येईल. थोर मंडळी म्हणाली, सुगी होऊ दे. सुगी झाली, तेव्हा म्हणाली, जत्रा होऊ दे. जत्रा झाल्यावर सगुणा पुन्हा पारासमोर उभी राहिली. तेव्हा पाटील हसून म्हणाले,

"सगुणे, हौदाला दगड लागतो. डोंगर गावाचा, शेतं बाप्यांची. बायकांचा स्वतःचा म्हणावा असा एक तरी दगड आहे का या गावात? असेल तर लाव हौदाला. आम्ही आडवे येणार नाही."

पारावर मोठा हशा पिकला. सगुणा मात्र हसली नाही. ती तडक घरी गेली आणि पाटील काय बोलले ते तिने आईला सांगितले. आई उठली, नदीवर गेली आणि आपला धुण्याचा दगड उपटून डोक्यावर घेऊन आली. हा दगड तिला तिच्या सासूने दिला होता आणि सासूला तिच्या सासूने. नदीवर कोणाचा दगड कोणता, हे बायकांना अंधारातही कळे, आणि दुसरीच्या दगडावर कुणी चोळीसुद्धा आपटत नसे. गावात बायकांच्या मालकीचे एवढेच होते, आणि ते कुणा पुरुषाच्या ध्यानातही नव्हते.

सगुणा दारोदार फिरली. कुणी लगेच दिला, कुणी नवऱ्याला विचारते म्हणाली, एका सासूने तर तिला उंबऱ्यावरूनच हाकलले. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. महिन्याभरात काठावर एक दगड उरला नाही. मुरुमात खड्डा बायकांनीच खणला आणि त्या दगडांच्या पायऱ्याही त्यांनीच बसवल्या.

आता धुणी कशावर धुवायची? कुणी धुईना. पहिला आठवडा पुरुष गप्प राहिले. दुसऱ्या आठवड्यात पारावर लोक एकमेकांपासून जरा लांब बसू लागले. पाटलांचे धोतर पाहून गुरवाने त्यांना गाभाऱ्याबाहेरूनच हात जोडायला लावले, असे सांगतात. चिडून पाटलांनी पाथरवटाला नवे दगड घडवायला सांगितले. तो डोके खाजवत म्हणाला, "घडवले असते मालक, पण आमच्या घरचाही दगड हौदातच आहे. हौद भरल्याशिवाय छिन्नीला हात लावशील तर चूल पेटणार नाही म्हणते बायको."

शेवटी हौदात पाणी सोडायचा दिवस आला. पाटाचे पाणी अडवणारी फळी पाटलांच्या ताब्यात होती. सगळे गाव जमले होते. पाटील मळक्या धोतरातच आले आणि बरेच समजुतीने बोलले. हौद झाला, चांगले झाले. पण आसरांचा मान राहिला पाहिजे. सगुणेने आधी डोहाची ओटी भरावी आणि 'आमच्या ठकीला तुम्ही नेलेत ते तुमच्या हक्काचे होते', असे आसरांना चारचौघांत म्हणावे. मग फळी निघेल. गुरवाने खण-नारळाचे सूप पुढे केले. सगुणेची आई म्हणाली, म्हणून टाक पोरी, एवढ्याने पाणी येतंय.

सगुणेने सूप हातात घेतले, क्षणभर धरले आणि गुरवाच्या पायाशी ठेवले.

"नाही आबा, मी ओटी भरणार नाही," ती पाटलांना म्हणाली. "ठकीला आसरांनी नेलं नाही. ती बुडाली. तिला पोहता येत नव्हतं, काठावरच्या आम्हा अकराजणींना येत नव्हतं. येऊ नये असा नियम तुम्ही केला होता. तुमचं तुम्ही कबूल करा. त्या सातजणींवर कशाला ढकलता?"

पारावरचे एकूण एक थोर लोक गप्प झाले. त्या शांततेत सगुणेची आई पाटापर्यंत चालत गेली आणि तिने फळी उचलली. कुणीही तिला थांब म्हणाले नाही.

आजही दरवर्षी त्या दिवशी हौद उपसून, घासून पुन्हा भरतात. गावातली सगळी थोर मंडळी काठावर येऊन बसतात, आणि सर्वांत वरची पायरी बुडेपर्यंत त्यांच्यातला एकही जण अवाक्षर बोलत नाही.