नारिंगी पोट नसलेलं विमान

“पण नारिंगीच का, आप्पा?”

इंद्रजित घोरपडेनं पुन्हा विचारलं. आप्पा हिंगमिऱ्यांनी त्याचं छोटं लढाऊ विमान उलटं करून मांडीवर घेतलं आणि पंखाला खालून टिचकी मारली.

कसून ताणलेलं रेशीम हलगीसारखं वाजलं.

“कापड झकास बसलंय,” आप्पा म्हणाले. “ओलं लावलंस न्हवं?”

“ओलंच लावलं. वाळताना आपोआप ताणलं गेलं. मग वरून लॅकरचे पातळ हात दिले. प्लास्टिकची फिल्म इस्त्रीनं एका संध्याकाळी चिकटली असती. पण लढाऊ विमान ताटलीसारखं चकाकलं तर ते लढाऊ कसलं?”

“खरं हाय. आता पोट नारिंगी कर.”

“नाही.”

जतच्या बाहेर, उघड्या माळावर आप्पांची पत्र्याची शेड होती. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर ते तिथं रिमोटवर उडणारी विमानं बनवायला आणि उडवायला शिकवायचे. आसपासचे लोक थट्टेनं शेडला मठ म्हणत. मठ म्हटला की नियम आलेच. इथं एकच होता. वरून काय हवं ते रंगवा, विमानाचं पोट नारिंगी पाहिजे.

नियमाला कारणही होतं. खरं लढाऊ विमान शत्रूला दिसू नये म्हणून हिरवं-तपकिरी रंगवतात. त्याची हुबेहूब नक्कल करून दूर उडवली, की ती मागच्या डोंगरात विरघळून जाते आणि ज्याच्या हातात रिमोट त्यालाच दिसेनाशी होते. मग ती कुठंतरी कोसळते. माळाच्या पोटात अशी बरीच विमानं गाडली गेली होती.

इंद्रजितला हे सगळं ठाऊक होतं. पण त्याचं दुखणं वेगळं होतं.

तोही हवाई दलात जायला निघाला होता. लेखी झाली, मुलाखत झाली, आणि शेवटी डॉक्टरांनी त्याच्यापुढं ठिपक्यांची चित्रं ठेवली. बाकीच्यांनी त्या हिरव्या-तपकिरी ठिपक्यांतून भराभरा आकडे वाचून दाखवले. इंद्रजितला नुसते ठिपकेच दिसले. घरी येऊन त्यानं सांगितलं, गुडघ्यात दोष निघाला. सांगितलं ते निभवायला हवं, म्हणून काही दिवस गुडघ्याला पट्टाही बांधून हिंडला बिचारा.

मग त्यानं हे विमान बांधायला घेतलं आणि दुकानातून मुद्दाम तेच दोन रंग आणले. गल्लत होऊ नये म्हणून हिरव्या डब्यावर खिळ्यानं फुली मारून ठेवली. ज्या रंगांनी त्याला दारातून माघारी धाडलं, त्याच रंगांत तो आभाळात जाणार होता. पोटाला नारिंगीचा एक थेंब जरी लागला, तरी त्याच्या लेखी विमान मेलं.

“अरे, माझ्या विमानाचंही पोट नारिंगी आहे,” केतकी बिरादार म्हणाली. ती मठातली जुनी शिष्या. “माझा जीव गेला का त्यानं?”

“तुझा नाही गेला. माझा जाईल.”

केतकीनं नाक मुरडलं. आप्पांनी मान वर केली.

“एवढा हेका हाय, तर हरवून बघायचं का?”

केतकीला हसूच फुटलं. हा मठाचा जुना रिवाज. नारिंगी नको म्हणणाऱ्याचं विमान आप्पा माळावर नेऊन ठेवत. मालकानं शेडच्या दारातच उभं राहायचं, आणि आप्पांचा चहा संपायच्या आत ते कुठं आहे हे बोटानं दाखवायचं. जमिनीवर थांबलेलं दिसत नाही, त्याला आभाळात पळणारं काय दिसणार, असा आप्पांचा सवाल. केतकीनं तिच्या वेळी एका झुडपाकडं मोठ्या ऐटीत बोट दाखवलं होतं.

“आणि दिसलं तर?” इंद्रजितनं विचारलं.

“आजवर कुनाला दिसलेलं न्हाई.”

इंद्रजित भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आप्पा विमान घेऊन गेले, रमतगमत परत आले, चहाचा ग्लास घेऊन बाजेवर बसले.

“बघ आता.”

भाद्रपद सरत आला होता. गवत निम्मं हिरवं, निम्मं वाळलेलं. केतकीनंही कपाळावर हात धरून माळ धुंडाळला.

“मला तर काहीच दिसत नाही बाई...”

आप्पांनी चहाचा घोट घेतला.

इंद्रजितच्या डोळ्यांना ते गवत हिरवं नव्हतं आणि विमानही हिरवं नव्हतं. मग हिरव्यानं त्याला फसवावं तरी कसं? त्याला बाभळीच्या बुंध्याशी एक सरळ कड दिसली. गवताला सरळ कड नसते.

त्यानं बोट उचललं.

“बाभळीच्या डावीकडं. नाक आपल्याकडं आहे. आणि एक पंख तुम्ही गवतानं झाकलाय, आप्पा. ही लबाडी झाली.”

आप्पांचा ग्लास ओठांशीच थांबला.

केतकी धावत गेली. विमानावर पाय पडता पडता राहिला. ते उचलून घेऊन ती धापा टाकत परत आली.

“कसं दिसलं रे तुला?”

काहीतरी थाप मारता आली असती. इंद्रजितला थापांचा कंटाळा आला होता.

“मला हिरवा आणि तपकिरी वेगळा ओळखता येत नाही,” तो म्हणाला. “त्यासाठीच हवाई दलानं मला घेतलं नाही. गुडघा ठणठणीत आहे माझा.”

केतकीनं त्याच्या गुडघ्याकडं पाहिलं.

“आता इथूनही काढायचं असेल तर काढा, आप्पा. पण याचं पोट नारिंगी होणार नाही. आज नाही आणि पुढंही नाही.”

वाऱ्यानं शेडचे पत्रे वाजत होते. आप्पा उठले. केतकीच्या हातातून विमान घेऊन त्यांनी धोतराच्या सोग्यानं त्याच्या पोटाची धूळ पुसली, ते इंद्रजितपुढं धरलं आणि दुसऱ्या हातानं रिमोट त्याच्याकडं सरकवला.

“आप्पा!” केतकी ओरडली. “अहो, वर गेल्यावर आपल्याला दिसणार नाही ते! अंगावर आलं तर?”

आप्पांनी फळीवरचा नारिंगी रंगाचा डबा काढून तिच्या हातात दिला.

“मग ह्यो आपल्या डोक्याला लाव, पोरी. त्येला आपुन दिसलो पायजे.”