सुखयानचे समाधानी मालक

‘सुखयान’ गाडीच्या बेचाळीस मालकांचा मेळावा कराडजवळच्या एका मंगल कार्यालयात भरला होता. फॉर्म भरला की स्टीलचा डबा भेट. त्यामुळे एक्केचाळीस जणांनी गाडीला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. डब्यासाठी माणूस एवढं करतोच.

कंपनीचे साहेब दिघावकर बोटात गाडीची किल्ली फिरवत स्टेजवरून गरजले, “आरामात एक नंबर, भरवशात एक नंबर!”

निवृत्त नर्स सुलभाताई शेणोलीकर उठल्या. “सीट मऊ आहेत, खोटं कशाला बोलू? पण सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हते. सेल्फ बदलून द्या.”

“ताई, एक्केचाळीस लोक खूश आहेत. दोष गाडीत नाही, चालवणाऱ्या बाईत आहे.” साहेब आधी स्वतः हसले, मग पुढच्या रांगेनं हसून घेतलं.

“बरं. जरा खिडकीतून बघा,” ताई म्हणाल्या. “सपाट मैदानात झाडांची सावली आहे, पण तिथं एकही गाडी नाही. सगळ्या सुखयान उन्हात, उतारावर, तोंड खाली करून लावल्यात. सुरू नाही झाली तर निदान ढकलून तरी निघावी म्हणून. हे लोकांचं खरं मत. फॉर्मवरचं मत डब्याचं आहे.”

“हा... हा योगायोग आहे.”

“असेल. पण त्या उतारावर सगळ्यात पुढे, मोकळ्या रस्त्याकडे तोंड करून लावलेली पांढरी सुखयान कुणाची?”

साहेबांच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली.