सटवाच्या नावेतली मधली फळी

आता नदीवर पूल आहे. पण फार मागं, माझ्या आज्याच्या आज्यानंही नुसतं ऐकलेलं, तेव्हा इथं एकच नाव होती, आणि ती सटवा भोयाची. अलीकडं आमचं देवीचं गाव, पलीकडं पिराचा दर्गा आणि त्याचं गाव. सटवा माणसं पलीकडं पोचवायचा, पण स्वतः त्या काठाला पाय लावायचा नाही. मी देवीचा माणूस, म्हणायचा, पिराच्या वाळूत माझं काय काम? फार तापट गडी. असं म्हणतात, तो चिडला की मासेसुद्धा तळाला जाऊन बसायचे.

दर्ग्याचे मुजावर दस्तगीरचाचा रोज हाक मारायचे, "सटवा, उतर की, गूळपाणी घे."

"नावेतच बरा आहे मी."

एकदा ऐन मधोमध त्याचं वल्हं मोडलं आणि धारेनं नाव नेऊन नेमकी दर्ग्याच्या वाळूत रुतवली. नवं वल्हं मिळेपर्यंत जायची सोय नाही. चाचांनी गूळ दिला, पाणी दिलं. सटवा घुश्शातच बसून राहिला. मग ऊन कललं, तसं त्यानं विचारलं, "चाचा, तुमचा पीर कुणाचं ऐकतो?"

"जो येईल त्याचं. तुझी देवी?"

"तीही येईल त्याचं."

"मग बहिरे आपण दोघंच की रे!"

सटवा हसला. असं म्हणतात, नदीनं त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढं तो रोज उतरायला लागला. पिराचं विचारायचा, चाचा सांगायचे. चाचा देवीचं विचारायचे, हा गाणं म्हणून दाखवायचा. नावेत भांडण निघालं की पूर्वी वल्हं उगारायचा, आता म्हणायचा, "आधी त्याचं ऐक, मग बोल."

उरूस चांदावर चालतो बरं का, दरसाल थोडा आधी येतो. असा येत येत एका वर्षी तो देवीच्या यात्रेच्याच दिवशी आला. पालखी पलीकडं, देवीच्या माहेरी निघालेली. आणि पिराचं संदल, म्हणजे दर्ग्यावर चढवायचं चंदन, आमच्याच गावात उगाळलेलं, तेही निघालेलं. दिवस मावळायच्या आत दोन्ही पोचायला हवीत. नाव एकच. आधी कोण?

काठ्या निघाल्या. "देवी कुणाच्या मागनं जात नसते," पाटील गरजले. आणि संदल न्यायला आलेले चाचा, एवढे शांत चाचा, तेही ओरडले, "संदल थांबत नसतं!"

आता रक्त सांडणार, तेवढ्यात सटवानं दोघांना हाताला धरून नावेत बसवलं. "चाचा, आज तुम्हीही बहिरे झालात व्हय?" दोघांच्या हाती एकेक वल्हं दिलं, नाव ढकलली, आणि आपण मधल्या फळीवर हाताची घडी घालून बसला. "आज मी उतारू. न्या मला."

पाटलांनी जोर लावला, नाव गोल फिरली. चाचांनी लावला, उलटी फिरली. काठावरनं एक म्हातारी ओरडली, "पाटील, दळायला बसलाय का?" काठ्या धरलेले हातसुद्धा हसायला लागले.

शेवटी घामाघूम पाटील म्हणाले, "चाचा, कसं मारू, सांगा."

"माझ्याबरोबर, पाटील. हां, ओढा."

नाव सरळ झाली. दोघांनी ती परत काठाला आणली, पालखी चढवली, संदल चढवलं, माणसं चढवली. असं म्हणतात, त्या एवढ्याशा नावेत देवी बसली, पीर बसला, दोन्ही गावं बसली, तरी नाव बोटभर खाली गेली नाही. आणि शेवटचं माणूस उतरेपर्यंत सूर्य पलीकडच्या निंबावर टेकून राहिला.

पूल झाला, तरी पालखी त्यावरनं जात नाही, संदलही जात नाही. नावेनंच जातात. एक वल्हं या काठचा माणूस धरतो, दुसरं त्या काठचा. आणि एरवीही कुणा दोघांचं बोलणं बंद झालं की बाया म्हणतात, "जा, सटवाला फिरवून आणा." मग ते दोघं तोंडं फुगवून नावेत बसतात. मधली फळी मोकळी ठेवतात. आधी नाव गोल गोल फिरते. मग कधीतरी सरळ लागते, आणि ती मोकळी फळी करकरते.

सटवा हसला, म्हणतात.